वडिलार्जित ठेवा आणि मंडळीचा पुढारी

परदेशीं जाऊन वसलेल्या समाजाची धर्माच्या बाबतींत खरी ओढाताण सुरू होते ती दुसऱ्या पिढीपासून. पहिल्या पिढीला जमीन फोडावयाची असते, कर्ज फेडावयाचें असतें. रविवारीं प्रार्थना कोणत्या भाषेंत करावी हा प्रश्न तिच्यापुढें उभाच राहत नाहीं, कारण तिला एकच भाषा येत असते. मुलांना दोन येतात. मग एके दिवशीं मंडळीच्या सभेंत कोणी तरी उठून म्हणतो, कीं मुलांना उपदेश कळत नाहीं, महिन्यांतून एक उपासना तरी इंग्रजींत व्हावी. त्या क्षणापासून मंडळीचे जे पंच असतात, म्हणजे शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर, ज्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला नाहीं व ज्यांना कोणी दीक्षाहि दिलेली नाहीं, त्यांच्या गळ्यांत एक अवघड काम येऊन पडतें. अगोदर काय राखावयाचें आणि काय गेलें तरी चालेल, हें त्यांना ठरवावें लागतें.

या प्रश्नावर वादविवाद पुष्कळ झाले. त्यांतून वाङ्मय मात्र थोडें निपजलें. जें निपजलें त्यांत अमेरिकेंतील नॉर्वेजियन समाजाचा कादंबरीकार ओले एड्वर्ट रोल्व्हाग याच्या तीन कादंबऱ्या आम्हांस विशेष विचार करण्याजोग्या वाटतात. 'जायंट्स इन दि अर्थ' (१९२७), 'पेडर व्हिक्टोरियस' (१९२९) आणि 'देअर फादर्स गॉड' (१९३१) हीं त्यांचीं इंग्रजी अवतारांतील नांवें. तिन्ही मूळ नॉर्वेजियन भाषेंत लिहिल्या गेल्या. अमेरिकेच्या मैदानी मुलुखाविषयींची एवढी मोठी कलाकृति अमेरिकन वाचकांस भाषांतरांतून वाचावी लागावी, यांतच लेखकाची सारी भूमिका सांठवली आहे.

रोल्व्हागचा जन्म १८७६ सालीं उत्तर नॉर्वेंतील दोन्ना नांवाच्या बेटावर कोळ्यांच्या घरीं झाला. वयाच्या विसाव्या वर्षीं तो अमेरिकेस गेला, दक्षिण डाकोटांत चुलत्याच्या शेजारपाजारीं शेतावर राबला, मग शिकला, आणि १९०६ पासून मिनेसोटांतील सेंट ओलाफ कॉलेजांत नॉर्वेजियन भाषा व वाङ्मय शिकवूं लागला. तें कॉलेज लूथरपंथी मंडळीचें. रोल्व्हाग स्वतः पाळक नव्हता. गृहस्थ होता, अध्यापक होता, आणि त्या समाजांत ज्यांच्या शब्दाकडे लोक कान देत अशांपैकीं एक होता. दीक्षा नसलेल्या माणसानें धर्ममंडळीला दिशा दाखविण्याचा प्रयत्न करावा, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून थोडी मागची हकीकत सांगणें जरूर आहे.

नॉर्वेंत धर्म हें सरकारी खातें होतें. पाळक हा राजाचा नोकर. त्याच्या परवानगीवांचून चार माणसें जमवून प्रार्थना चालविणें हा १७४१ च्या कायद्यानें गुन्हा होता. हान्स नील्सेन हाउगे नांवाच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें हा कायदा न जुमानतां गांवोगांव पायीं फिरून उपदेश केला, आणि १८०४ सालीं पकडला जाऊन कित्येक वर्षें तुरुंगांत काढलीं. तो कायदा १८४२ सालीं रद्द झाला. पण तोंवर सामान्य माणसाच्या मनांत एक गोष्ट मुरून गेली होती: देवाचें काम करावयास झगा लागतोच असें नाहीं. हें बीज घेऊन हे लोक अमेरिकेस गेले, आणि तेथें तर राजा नव्हता, धर्माचा करहि नव्हता. देऊळ बांधावयाचें तर लांकूड आपण आणावयाचें, पाळक हवा तर त्याचा पगार आपण जमवावयाचा, स्मशानासाठीं जमीन कोणी तरी आपल्या शेतांतून तोडून द्यावयाची. अशा व्यवस्थेंत पैसा आणि मत दोन्ही ज्यांच्या हातीं, ते गृहस्थच मंडळीचे खरे चालक झाले. पाळक येई आणि जाई, पंच राहत.

या पंचांवर खरा प्रसंग आला तो पहिल्या महायुद्धांत. १९१७ सालीं नॉर्वेजियन लूथरपंथीयांच्या तीन मोठ्या शाखा आपसांतले जुने तंटे मिटवून एक झाल्या. त्याच वर्षीं अमेरिका युद्धांत उतरली, आणि परकी बोली बोलणारा प्रत्येक माणूस संशयास्पद ठरला. १९१८ च्या मे महिन्यांत आयोवा संस्थानच्या गव्हर्नरानें फर्मान काढलें, कीं शाळेंत, रस्त्यांत, आगगाडींत, टेलिफोनवर आणि देवळांत सुद्धां इंग्रजीच चालेल. ज्यांना ती कळत नाहीं त्यांनीं आपापल्या घरीं बसून उपासना करावी. पुढच्याच महिन्यांत नव्या संयुक्त मंडळीच्या अधिवेशनानें स्वतःच्या नांवांतून 'नॉर्वेजियन' हा शब्द काढून टाकण्याचा ठराव केला. त्यावर जें वादळ उठलें त्यांत रोल्व्हाग पुढें होता. १९१९ सालीं 'वडिलार्जित ठेव्यासाठीं' अशा अर्थाच्या नांवाची एक संस्था निघाली. तिच्या चालकांत तो होता. १९२० सालीं तो ठराव बारगळला आणि नांव राहिलें. १९२२ सालीं याच विषयावरील आपले निबंध त्यानें पुस्तकरूपानें छापले.

त्या निबंधांतील विचारसरणी थोडक्यांत अशी: माणूस आपल्या पूर्वजांपासून तुटला कीं उथळ होतो, उथळ माणूस चांगला नागरिक होऊं शकत नाहीं आणि चांगला ख्रिस्ती तर नाहींच नाहीं, म्हणून मंडळीनें भाषा आणि परंपरा यांना आपल्या कार्यांत पहिलें स्थान द्यावें, तीं राहिलीं तर बाकीचें मागाहून येईल. युक्तिवाद तेजस्वी आहे. ज्यांचें सारें आयुष्य इंग्रजी शिकण्यांत आणि शिकविण्यांत गेलें त्या आमच्यासारख्यांना तो बोचतोहि. पण निबंधांत एक मोठी सोय असते, ती ही कीं तेथें अमुक पहिलें आणि तमुक दुसरें असें लिहून मोकळें होतां येतें. त्या क्रमाची किंमत कोणी चुकती करावयाची हें दाखवावें लागत नाहीं. कादंबरींत तें दाखवावें लागतें. आणि आमचें म्हणणें असें आहे, कीं कादंबरीकार रोल्व्हागनें जें पाहिलें तें पुढारी रोल्व्हागच्या मताशीं जुळत नाहीं. पुढारी रोल्व्हागचा पराभव त्याच्याच लेखणीनें केला आहे.

पहिल्या कादंबरीची गोष्ट १८७३ सालीं सुरू होते. पेर हान्सा, त्याची बायको बेरेट आणि मुलें बैलगाडीनें डाकोटाच्या उघड्या माळावर येतात. चार घरें, तींहि मातीच्या ढेकळांचीं. झाड नाहीं, डोंगर नाहीं, देऊळ नाहीं, पाळक तर शेंकडों मैलांत नाहीं. पेर हान्सा हा कामाच्या धुंदींत असलेला आनंदी पुरुष. बेरेट अंतर्मुख, पापाच्या जाणिवेनें पोळलेली, त्या आभाळाखालीं हळूहळू वेड्याच्या सीमेवर जाणारी. नाताळच्या दिवशीं तिला मुलगा होतो. मूल अशक्त, जगेल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं. तेव्हां पेर हान्सा आपला शेजारी हान्स ओल्सा याला म्हणतो, तूंच याला बाप्तिस्मा दे. हा धिप्पाड, साधा, देवभीरु माणूस. तो कचरतो, आपल्या हातून असें पवित्र काम कसें व्हावें? पण पाळक नाहीं आणि मूल मरणाच्या दारांत आहे. तो पाणी घेतो आणि आठवतात ते शब्द उच्चारतो. मुलाचें नांव पडतें पेडर व्हिक्टोरियस, म्हणजे विजयी पेडर.

हा प्रसंग लेखकानें फार संयमानें लिहिला आहे. कोणी व्याख्यान देत नाहीं, परंपरेचा उल्लेखहि होत नाहीं. आणि तरी नॉर्वेंतील शेंकडों वर्षांची परंपरा त्या थंडीनें गारठलेल्या मातीच्या घरांत जेवढी जिवंत झालेली दिसते तेवढी पुढच्या दोन कादंबऱ्यांत कोठेंहि दिसत नाहीं. कारण येथें पहिला क्रम मुलाचा आहे. मुलासाठीं विधि आहे, विधीसाठीं शब्द आहेत, आणि शब्द साहजिकच जी बोली तोंडीं आहे तिचे आहेत.

याच कादंबरींत एक पेटारा आहे. बेरेटच्या माहेरच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला, लोखंडी पट्ट्यांचा, जुनें साल रंगविलेला. बाळंतपणापूर्वीं बेरेट मनांत ठरविते, कीं आपण मेल्यावर आपल्याला या पेटाऱ्यांत घालून पुरावें. पुढें टोळधाड येते, आभाळ काळें होतें, आणि पेर हान्सा घरीं येऊन पाहतो तों ही वेडावलेली बाई धाकट्या मुलांना घेऊन त्या पेटाऱ्यांत दडून बसलेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत एक फिरता पाळक त्या वस्तीवर येतो, पेर हान्साच्या घरीं उपासना करतो, आणि प्रभुभोजनासाठीं वेदी हवी तेव्हां हाच पेटारा वेदी म्हणून मांडतो. वडिलार्जित ठेव्याचे तीन उपयोग वाचकानें लागोपाठ पाहिले: शवपेटी, लपण्याची जागा, आणि वेदी. वस्तु एकच. रोल्व्हागनें आपल्या निबंधांत शेंकडों वाक्यांनीं जें सांगितलें नाहीं तें येथें एका लांकडी पेटाऱ्यानें सांगितलें. आणि तें सांगतांना तो स्वतः बाजूला उभा आहे, ही त्याची खरी थोरवी.

त्या पाळकाचें चित्रहि पाहण्यासारखें आहे. त्याला वाटतें, आपला उपदेश फसला. शास्त्रार्थ सोडून त्यानें लोकांना गोष्ट सांगितलेली असते, ती बंदरावर उतरलेल्या एका निर्वासित आईची. पुष्कळ मुलें, अनोळखी गर्दी, कोणी हरवूं नये म्हणून तिनें सगळ्यांना दोरीनें स्वतःला बांधून घेतलें आहे. देवाचें प्रेम तसें, असें तो म्हणतो. ही गोष्ट नॉर्वेच्या कोणत्याहि धर्मग्रंथांत नाहीं; ती ऐकणाऱ्यांच्या कालपरवाच्या अनुभवांतली आहे. श्रोत्यांना ती पोंचते.

पण याच पुस्तकाच्या शेवटीं क्रम उलटतो. १८८१ च्या हिवाळ्यांत हान्स ओल्सा बर्फाच्या वादळांत सांपडून आजारी पडतो. बेरेट आतां शुद्धीवर आली आहे, पण तिचा धर्म कडक झाला आहे. ती मरणाऱ्या माणसाच्या उशाशीं बसून त्याला न्यायाच्या दिवसाची भीति घालते. पाळक आणलाच पाहिजे असा तिचा हट्ट. पेर हान्साला कळतें, कीं अशा हवेंत बाहेर पडणें म्हणजे मरण. आणि हान्स ओल्सासारख्या माणसाला देवाघरीं जावयास दुभाषी लागेल असें त्याला वाटतहि नाहीं. तरी तो जातो. वसंतांत त्याचें प्रेत एका गवताच्या गंजीला टेंकून बसलेलें सांपडतें, तोंड पश्चिमेकडे.

टीकाकारांनीं या शेवटाचे अनेक अर्थ लावले आहेत. आम्हांला त्यांतील एकच गोष्ट पुढें मांडावयाची आहे. ज्याच्यासाठीं पाळक हवा म्हणून एक माणूस मरतो, तो हान्स ओल्सा कोण? ज्यानें पाळक नसतां त्याच माणसाच्या मुलाला बाप्तिस्मा दिला, तोच. जन्माच्या वेळीं मंडळीनें माणूस पहिला धरला, मरणाच्या वेळीं विधि पहिला धरला. मधल्या सात वर्षांत वस्ती सुधारली होती, धर्मव्यवस्था आली होती.

दुसऱ्या कादंबरींत प्रश्न उघडपणें भाषेचा होतो. पेडर वाढतो, इंग्रजी शाळेंत जातो. त्याच्या मनाचे जणुं वेगवेगळे दालन होतात, एकांत इंग्रजी, एकांत आईची बोली. मंडळींत फूट पडते. बेरेट मुलाला आयरिश मुलांच्या संगतींतून काढून नॉर्वेजियन मुलांच्या शाळेंत घालते. तेथें तीं मुलेंहि आपसांत इंग्रजीच बोलतात. गेब्रिएल्सन नांवाचा नवा पाळक येतो. त्याची दृष्टि तरुणांवर आहे: वीस वर्षांत या देशांत नॉर्वेजियन शब्द ऐकूं येणार नाहीं, तेव्हां आतांच इंग्रजीची कास धरावी, असें त्याचें मत, आणि पेडरमध्यें तो भावी उपदेशक पाहतो. बेरेटला हा माणूस घर जाळावयास आलेला वाटतो.

येथें लेखकाशीं आमचा स्पष्ट मतभेद आहे. गेब्रिएल्सन त्यानें हलका रंगविला आहे. 'मुलें पहिलीं' असें म्हणणारा पुढारी मूर्खच असला पाहिजे, असा लेखकाचा आग्रह दिसतो. वास्तविक हान्स ओल्सानें नाताळच्या दिवशीं दुसरें काय केलें होतें? गेब्रिएल्सनचा खरा दोष निराळा आहे. मुलांना तो इंग्रजींत बोलावतो, पण बोलावून त्यांच्या हातांत देण्यासारखें त्याच्यापाशीं फारसें नाहीं. हा दोष दाखविण्याइतका वेळ लेखक त्याला देत नाहीं, विनोदावर भागवितो. बेरेटचें चित्र मात्र निर्दोष आहे. ती चुकते, हट्ट करते, दार लोटून ऐकत उभी राहते, आणि तरी तिच्या दुःखाची टिंगल वाचकाकडून होत नाहीं. मुलगा आपल्याशीं ज्या बोलींत बोलतो तिच्यांत तो स्वप्नें पाहत नाहीं, हें आईला कळावें, यापरतें एकटेपण कोणतें? ज्यांचीं नातवंडें सातासमुद्रांपलीकडे वाढत आहेत अशा आमच्या कित्येक वाचकांस हें प्रकरण वाचतांना पुस्तक क्षणभर मिटावें लागेल.

शेवटीं पेडर स्यूझी डोहेनी या आयरिश कॅथॉलिक मुलीशीं लग्न करतो आणि आई मान देते. तिसऱ्या कादंबरींत त्या लग्नाची राख होते. येथें काल्डाल नांवाचा एक विद्वान पाळक अवतरतो आणि पेडरला वडिलार्जित ठेव्याचें महत्त्व समजावून सांगतो: यहुदी लोकांनीं आपला वारसा सोडला नाहीं म्हणून ते टिकले, जे सोडतील ते नाहींसे होतील, इत्यादि. हीं पानें म्हणजे १९२२ चे निबंधच, पाळकाचा झगा घालून आलेले. वाचक त्यांतून पलीकडे जातो, कारण त्या घरांत जें घडत आहे तें त्या व्याख्यानाहून भयंकर आहे.

पेडरला मूल होतें. त्याचा स्वतःचा धर्मावरील विश्वास उडालेला. बाप्तिस्म्याचें तो मनावर घेत नाहीं. तेव्हां बेरेट आणि हान्स ओल्साची विधवा सोरीना मिळून कोणाला न कळवितां मुलाला लूथरपंथी रीतीनें बाप्तिस्मा देतात. स्यूझीहि नवऱ्यास न सांगतां आपल्या पुरोहिताकडून त्याला कॅथॉलिक बाप्तिस्मा देवविते. एकाच मुलावर दोन वेळां पाणी पडलें, दोन्ही वेळां चोरून, आणि दोन नांवें पडलीं. बेरेट मरणशय्येवर आपलें कृत्य सांगते. पुढें एके दिवशीं रागाच्या भरांत पेडर बायकोची क्रूसमूर्ति आणि जपमाळ पायांखालीं चिरडतो. ती मुलाला घेऊन निघून जाते.

आतां हे दोन बाप्तिस्मे शेजारीं ठेवून पाहावे. पहिल्या कादंबरींतला आणि तिसऱ्या कादंबरींतला बेरेटनें घडविलेला, दोन्ही दीक्षा नसलेल्या गृहस्थांच्या हातचे; भाषा तीच, शब्द तेच, पाणी तेंच, फार काय घराणेंहि तेंच. पहिल्यानें एक वस्ती उभी राहिली, दुसऱ्यानें एक घर मोडलें. फरक आम्हांस दिसतो तो असा: पहिल्या वेळीं मूल हातचें जाऊं नये म्हणून धर्म पुढें आला, दुसऱ्या वेळीं धर्म हातचा जाऊं नये म्हणून मूल पुढें केलें गेलें. बेरेटच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. तिच्या दृष्टीनें मुलाचा आत्माच धोक्यांत होता, आणि लेखकानें तिला ढोंगी केलेलें नाहीं. तरीहि आईबापांना अंधारांत ठेवून राखलेला वारसा पाहून काल्डालच्या व्याख्यानाला काय उत्तर द्यावयाचें तें वाचकाला मिळतें. लेखकानें हें उत्तर जाणून बुजून ठेवलें कीं तें त्याच्या हातून निसटलें? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. शेवटच्या वर्षांत त्याची प्रकृति ढासळली होती. तिसरी कादंबरी निघाली त्याच वर्षीं, ५ नोव्हेंबर १९३१ रोजीं, तो वारला. त्या पुस्तकांत पुढारी कलावंताला वारंवार ढकलून पुढें येतो. पण प्रसंग रचणारा हात कलावंताचाच राहिला.

मराठी वाचकाला येथें रेव्हरंड टिळकांची आठवण होणें स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढें प्रश्न अगदीं उलट्या बाजूनें आला होता: मंडळी आपल्याच देशांत, पण तिची रीतभात परदेशी. त्यांनीं अभंग आणि कीर्तन उपासनेंत आणलें, आणि १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यांत बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना दोघांनाहि जागा ठेवली. त्याच सालीं मिनेसोटांत तीन शाखा एक होऊन नांवासाठीं भांडावयास सिद्ध होत होत्या. टिळकांची मराठी भजनें देवाकडे जाण्याची वाट म्हणून आलीं, म्हणूनच तीं भाषेचाहि ठेवा होऊन बसलीं. ही तुलना येथेंच सोडतों; टिळकांविषयीं लिहावयाचें तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रोल्व्हागचा पक्ष इतिहासांत टिकला नाहीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतच इंग्रजी उपासना नॉर्वेजियनच्या पुढें गेल्या. १९४६ सालीं त्या मंडळीच्या नांवांतून 'नॉर्वेजियन' शब्द अखेर गेला. १९६० आणि १९८८ सालच्या विलीनीकरणांत ती जर्मन, डॅनिश, स्वीडिश मूळच्या लूथरपंथीयांत मिसळून गेली. गेब्रिएल्सनची वीस वर्षें चाळीस झालीं, एवढाच त्याचा हिशेब चुकला. मात्र मिनिआपोलिस शहरांत १९२२ सालीं स्थापलेली एक मंडळी आजहि नॉर्वेजियन भाषेंत उपासना चालविते. ही रोल्व्हागच्या पक्षाची शिल्लक म्हणावी, कीं त्या शहरानें हौसेनें जपलेली एक खूण म्हणावी, हें तेथें जाऊन पाहिल्यावांचून आम्ही सांगूं इच्छीत नाहीं.

ज्यांना तिन्ही पुस्तकें वाचावयास सवड नसेल त्यांनीं पहिलें संपूर्ण वाचावें आणि दुसऱ्यांतील बेरेटचीं प्रकरणें वाचावीं. तिसरें, पहिलें वाचून झाल्यावरच हातीं घ्यावें. एकटें वाचल्यास लेखकावर अन्याय होईल. पहिल्याचें इंग्रजी रूप लिंकन कोलकॉर्डच्या साह्यानें लेखकानें स्वतः सिद्ध केलेलें असून तें भारदस्त आहे. कोणी हें पुस्तक मराठींत आणावयाचें मनावर घेईल तर एक सूचना: बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाळक, मंडळी हे शब्द मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्पिढ्या वापरून गुळगुळीत झालेले आहेत, ते तसेच घ्यावे, संस्कृत कोशांतून नवे घडवूं नयेत. हान्स ओल्साच्या तोंडीं ते शोभणार नाहींत.